अनुभव धागा: स्कॉलरशिपची परीक्षा आणि डब्याचं झाकण

गोदाकाठ

परवा रविवारी भाचीला स्कॉलरशिपच्या सेंटरवर मी सोडलं, ताईला ड्युटी होती म्हणून. सिडकोतली शाळा. पेपर अकराचा आणि साडेनवापासूनच गेटसमोर ही झुंबड. स्वेटर घातलेली पाचवीतली पोरं, काखेत पॅड, पारदर्शक पाउचमध्ये दोन-दोन पेनं. प्रत्येकाची आई शेवटच्या मिनिटाला उजळणी घेतेय. एकीने विचारलं, "आरशातली प्रतिमा आणि पाण्यातली प्रतिमा, फरक सांग पटकन." पोरगं जांभई देत म्हणालं, "आरशात डावं-उजवं, पाण्यात वर-खाली." मी तिथेच एका रिक्षाला टेकून उभी राहिले आणि एकदम चौथीत गेले.

साल १९९३. निफाड तालुक्यातलं गाव, झेडपीची शाळा. वर्गात अठ्ठावीस पोरं, त्यातली अकरा स्कॉलरशिपला. दिवाळी झाली की जादा तास सुरू. एक सकाळी सातला, एक दिवेलागणीनंतर. लाइट असली तर बल्बखाली, नसली तर गुरुजींच्या घरच्या कंदिलाखाली. पैसे घ्यायचा विषयच नव्हता. कोणी मेथीची जुडी नेऊन द्यायचं, कोणी बाजरी. त्यावरही गुरुजी ओरडायचे आणि त्यांच्या बाई मागच्या दाराने घ्यायच्या.

माझं घोडं अडायचं ते आरशातल्या घड्याळापाशी. आमच्या घरी आरसा एकच, बाबांच्या दाढीचा, तोही पारा उडालेला. गुरुजींनी युक्ती सांगितली: डब्याचं झाकण राखेने चकचकीत घासायचं, पुस्तकातल्या घड्याळाशेजारी उभं धरायचं आणि आत काय दिसतं ते बघायचं. काटे थोडे पसरट दिसायचे, पण कळायचं.

परीक्षेला निफाडला गेलो ते द्राक्षांच्या टेम्पोतून. पेट्यांवर बसायचं नाही, घड दबतील, म्हणून अकरा पोरं आणि गुरुजी कडेला दांडा धरून उभे. थंडीने नाकं वाहतायत आणि गुरुजी पाढे म्हणून घेतायत. तीन पेपर होते, भाषा, गणित, बुद्धिमत्ता. बुद्धिमत्तेचा शेवटी. मधल्या सुट्टीत मी झाकणाला लागलेली चटणी परकराला पुसली आणि झाकण घेऊनच वर्गात गेले. घड्याळ आल्यावर काढलं. पर्यवेक्षक बाकाशी आले.

"काय गं, आरसा आणलास?"

"आरसा नाही सर, झाकण आहे."

"तेच ते."

झाकण त्यांच्या टेबलावर गेलं. मला असं रडू फुटलं की शेवटचे दहा-बारा प्रश्न दिसलेच नाहीत. वर झाकण तिथेच राहिलं, त्यावरून घरी जे ऐकलं ते वेगळं. दोन मार्कांनी यादी हुकली. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव आलं.

भाची बाहेर आली. म्हटलं कसा गेला? "मावशी, घड्याळाचं एकच आलं होतं, सोप्पं होतं." इतकंच. मग वडापाव पाहिजे म्हणाली.

तुमचेही लिहा. स्कॉलरशिप, नवोदय, एनएमएमएस, हल्लीची ती पॅट, जे असेल ते.

कुकरची_शिट्टी

रुमाल टाकून ठेवतेय. माझ्याकडे मोठ्ठा किस्सा आहे. कुकर लावलाय, आलेच.

गणिताचा_मामा

अहो त्या घड्याळाला झाकण कशाला. ११ वाजून ६० मिनिटं धरायची आणि त्यातून दिसणारी वेळ वजा करायची. आरशात ३:२० दिसतंय तर खरी वेळ ८:४०. संपलं.

गोदाकाठ

मामा, हे १९९३ साली कुठे होतात.

गणिताचा_मामा

सहावीत. माझाही आरशाचा प्रश्न चुकला होता. ही युक्ती स्वतःच्या पोराला शिकवताना कळली, तीही त्यानेच मला शिकवली.

सातपूर_भोंगा

आमच्या शाळेत वेगळीच तऱ्हा. फॉर्म सगळ्यांचे भरायचेच नाहीत. बाईंनी वर्गातून बोटानं नऊ जण उचलले, "तू, तू, तू." उरलेले आम्ही मैदानात. नऊ जण तासाला बसले की आम्ही खिडकीबाहेर लगोरी. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे ना, मग कच्ची पोरं बसवायचीच कशाला.

मला राग आता येतो, तेव्हा मजाच वाटायची. वडील कंपनीत सेकंड शिफ्टला, आईला स्कॉलरशिप म्हणजे काय ते माहीत नाही, विचारणार कोण? पुढे आयटीआय केलं, टर्नर. मायक्रोमीटर हातात आला तेव्हा कळलं गणित बरं येतं आपल्याला.

लगोरीत मात्र मी जिल्हा गुणवत्ता यादीत.

आठवीची_आई

@सातपूर_भोंगा शेवटची ओळ भारी.

आमच्याकडे गेल्या वर्षी महाभारत झालं. आठवीच्या पेपरात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात. दोन्ही गोल काळे केले तरच मार्क. लेकीला पाठ आहे हे, वर्षभर घोकलंय. पेपरात तीन ठिकाणी एकच गोल केला. का? तर म्हणे दुसरा "तेवढा बरोबर वाटला नाही."

उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घरी मिळते हा तर शापच आहे. परीक्षा परिषदेची अंतरिम उत्तरसूची आली त्या रात्री यांनी चष्मा लावून, पट्टी ठेवून एकेक ओळ तपासली. दीडशेपैकी इतके, परत मोजले, परत इतकेच. लेक झोपून गेली, हे बाराला झोपले. सकाळी म्हणतात दोन प्रश्नांवर आक्षेप नोंदवू ऑनलाइन. मी म्हटलं आधी दूध आणा.

निफाडचा_गारठा

गोदाकाठ ताई, ९३ ला टेम्पोत द्राक्षाचा कोणता माल होता? थॉमसन की सोनाका?

गोदाकाठ

@निफाडचा_गारठा अहो मी चौथीत होते! हिरवी होती, लांबट. एक मणी खाल्ला म्हणून गुरुजींनी कान धरला एवढं आठवतंय.

निफाडचा_गारठा

लांबट म्हणजे सोनाका असणार. आमची बाग तेव्हा थॉमसनची. परीक्षेच्या रविवारी नेमकी उतरणी, वडील म्हणाले परीक्षा पुढल्या वर्षी दे. त्यांना वाटलं ही बैलगाडी आहे, हुकली तर दुसरी येईल. आजी भांडली म्हणून गेलो. यादीत वगैरे नाही आलो, पण त्या दिवशी पेट्या उचलाव्या लागल्या नाहीत. परीक्षेचा तेवढा फायदा मी घेतला.

चिमणपाखरू

एक शंका. स्कॉलरशिप चौथीला होती की पाचवीला? मी २०१७ ला दिली, पाचवीत. सगळे चौथी चौथी काय म्हणताय.

आठवीची_आई

अगं आधी चौथी आणि सातवीलाच होती, पन्नासच्या दशकापासून. २०१६-१७ ला पाचवी-आठवी केली, म्हणजे तुमची पहिलीच बॅच. आता परत चौथी-सातवीला नेतायत.

चिमणपाखरू

अच्छा म्हणून!! आमच्या सरांकडे सगळी पुस्तकं चौथीची होती आणि ते दर तासाला "आता नवा पॅटर्न आहे बरं का" म्हणायचे, आणि जुनंच शिकवायचे. पेपर दोनच आले. भाषा-गणित एक आणि इंग्रजी-बुद्धिमत्ता दुसरा, पंच्याहत्तर-पंच्याहत्तर प्रश्न. सरच जास्त घाबरले होते.

दुडूदुडू

आमचं या वर्षी चौथीत आहे. वरच्या मजल्यावरचा पाचवीत. म्हणजे या बदलात एकाच वर्षी बिल्डिंगमध्ये दोन्ही पोरं स्कॉलरशिपला. जिन्यात भेटलो की दोघी एकमेकींना फक्त "चाललाय का अभ्यास" विचारतो आणि दोघीही "छे, कुठे" म्हणतो.

सातपूर_भोंगा

हे वाक्य राज्यभाषेत घ्या. "छे, कुठे."

खडूफळा

गेले काही दिवस नुसतं वाचत होतो. पॅटचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, लांबेल. आमच्या शाळेत एकाच खिडकीत रेंज येते, तिथे उभा राहून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

सुरगाणा तालुका, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. वर्षात तीनदा, पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. पेपर वरून छापून येतात, अख्ख्या राज्याला एकच. स्कॉलरशिपला हौशी पोरं बसतात, ही मात्र सगळ्यांना. २०१५ ला २२ जूनचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला तेव्हाही पायाभूत चाचण्या झाल्या होत्या, मार्क सरल पोर्टलवर भरत होतो. आता चॅटबॉटला भरतो. फोनवर एकेका पोराचं नाव येतं, एकेका प्रश्नाचे मार्क टाकायचे. सतराव्या पोरापाशी रेंज गेली की परत पहिल्यापासून.

गेल्या वेळी गठ्ठा उघडला तर गणिताचे चार पेपर कमी. झेरॉक्स सुरगाण्याला, जाऊन-येऊन अर्धा दिवस. चौघांना मी फळ्यावर लिहून दिला. आकृत्यांसकट. त्यातली तराजूची आकृती बघून एकाने विचारलं, "सर ही बकरी आहे का?" माझी चित्रकला.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. चौथीतला एक पोरगा. आई-बाप दिवाळीनंतर दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला जातात, हा बरोबर जातो, थेट होळीला परत येतो. एप्रिलमध्ये संकलित दोनला बसला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने गुणा, हा प्रश्न कोरा. मी वर्गात फिरताना बघितलं, पेन्सिल हातात, डोळे बाहेर. पेपर संपल्यावर पडवीत बसलो होतो, सहज विचारलं, यंदा बागेत किती मिळाले? म्हणाला, "आई-बा दोघं, शेवटच्या बागेत नऊ दिवस, साडेतीनशे रोज. सहा हजार तीनशे झाले, मालकाने सहा दिले, तीनशे बाकी आहेत." एका दमात. बोटंसुद्धा मोडली नाहीत.

मी आत जाऊन त्याच्या पेपरवर शून्य मांडला. दुसरं काय मांडणार, उत्तर कोरं होतं.

चाचणीला माझा विरोध नाही. पोरगं कुठे अडतंय ते कळलंच पाहिजे, नाहीतर पूर्वीसारखं नुसतं ढकलत जायचं. माझं दुखणं एवढंच की एप्रिलमध्ये कळून मी काय करू? २०२५ ला तर सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक लावलं. २५ एप्रिलपर्यंत पेपर आणि १ मेला निकाल. मधल्या दिवसांत तपासणं, भरणं, प्रगतिपुस्तकं. मग शाळेला सुट्टी. जूनमध्ये तो पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेला. चॅटबॉटमध्ये त्याचे मार्क आहेत, पण त्याचं ते साडेतीनशे रोजाचं गणित कुठल्या रकान्यात भरायचं?

खिडकी सोडतो, पोरं आली.

चिमणपाखरू

सर 🙏

दुडूदुडू

खडूफळा सर, ते तीनशे मिळाले का पुढे?

गणिताचा_मामा

हा प्रश्न मी माझ्या क्लासच्या पोरांना उद्या घालतोय. दोन माणसं, नऊ दिवस, साडेतीनशे. बघू किती जण तोंडी करतात.

मुद्द्याचं_बोला

सगळा भावनिक मामला चाललाय. या परीक्षांनी आयुष्यात काही फरक पडत नाही. मी चौथीला नाही, सातवीला नाही, कशालाच पास नाही. आज गंगापूर रोडला दोन मेडिकल आहेत.

आठवीची_आई

दादा, मेडिकल काढायला डी.फार्म लागतं ना? मग कशाला तरी पास झालाच असाल.

मुद्द्याचं_बोला

लायसन्स बायकोच्या डिग्रीवर आहे.

सातपूर_भोंगा

😂😂 मुद्द्याचं बोललात.

सिन्नरी

हसून झालं असेल तर मी लिहू का. आई विड्या वळायची. सिन्नरला तेव्हा गल्लीत घरटी एक तरी सूप दिसायचं मांडीवर. शाळा अनुदानित. आठवीत सरांनी एनएमएमएसचा, म्हणजे गरीब घरातल्या हुशार पोरांसाठीच्या केंद्राच्या स्कॉलरशिपचा, फॉर्म दिला. त्यात दोन पेपर, एक मानसिक क्षमता आणि एक शालेय क्षमता, प्रत्येकी नव्वद प्रश्न. उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलला तीन चकरा झाल्या, दर चकरेला आईचा दिवस मोडायचा, म्हणजे तेवढ्या विड्या कमी. ती म्हणाली, "पास नाही झालीस तर या चकरांच्या विड्या तुला वळायला लावीन."

पास झाले. नववी ते बारावी, आता वर्षाला बारा हजार मिळतात, माझ्या वेळी सहा होते. बँकेत खातं उघडायला गेलो. साहेबांनी विचारलं सही कोण करणार. आईने माझ्याकडे बोट केलं. माझी पहिली सही, तीन ठिकाणी, तिन्ही वेगवेगळ्या. त्यांनी परत करायला लावली. पैसे लगेच आले नाहीत, वर्ष उलटून गेलं असेल, पासबुक भरायला दर महिन्याला जायचे आणि तोच आकडा. आले तेव्हा आई म्हणाली काय घेऊ तुला? मी म्हटलं सायकल. तिने अकरावीची फी भरली.

सायकल तिने नंतर घेतली, सेकंडहँड, जेंट्स. मी परकर... नाही, तेव्हा पंजाबी ड्रेस होता, दांड्यावरून पाय टाकून चालवायचे. आज इकडे ऑफिसच्या पार्किंगमध्ये तसला दांडा असलेली सायकल दिसली तरी मी थांबते.

कुकरची_शिट्टी

सिन्नरी, डोळे भरून आले गं. मी लिहिणारच आहे, पाहुणे आलेत.

चांदवडकर

आमच्या घरात परीक्षा म्हटलं की आजोबांचीच. आजोबा "फायनल" पास. व्हर्नाक्युलर फायनल म्हणायचे, मराठी सातवीची. ती पास झाला की प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं. तालुक्याला पेपर, गावाहून चालत निघाले, फडक्यात दशम्या. मुक्काम देवळात. रात्री उंदरांनी दशम्या नेल्या. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी अंकगणित.

हे ते आम्हाला इतक्यांदा सांगायचे की प्रत्येक वेळी एक दशमी वाढायची. शेवटी शेवटी अकरा होत्या. आम्ही विचारायचो, आजोबा, उंदीर किती होते? तर काठी उगारायचे. पण काळ-काम-वेगाची गणितं नव्वदीपर्यंत तोंडी. हौद भरणारे दोन नळ आणि रिकामा करणारा एक, हे ऐकलं की माणूस ताठ बसायचा.

गणिताचा_मामा

तो हौद कोणी बांधला त्याला शोधतोय मी. एकाच वेळी भरायचा पण आणि सोडायचा पण.

निफाडचा_गारठा

मामा, आमच्या शेततळ्याचं तेच चाललंय. कागद फाटलाय.

खेडगाव_एक्स

नवोदयवाले, म्हणजे केंद्राच्या त्या निवासी शाळेतले, कोणी आहे का इथे? खेडगाव, दिंडोरी तालुका. माझं गाव सटाण्याकडे. पाचवीत परीक्षा दिली, निकालाचं पत्र आलं तर घरात दोन तट. आई म्हणे एवढंसं पोर हॉस्टेलला? अण्णा म्हणे जाऊ दे, सरकार खायला घालतंय, शिकवतंय. अण्णा एसटीने सोडायला आले. पत्र्याची पेटी, कुलपाची किल्ली माझ्या करदोट्याला. ते परत निघाले तेव्हा मी रडलो नाही. अण्णा बसमध्ये रडले, हे मला कंडक्टरच्या पोराने सांगितलं, तो माझ्याच वर्गात निघाला.

पहिल्या रात्री शेजारच्या पलंगावर पेठचा एक जण होता. मी अहिराणी, तो कोकणा. दोघांनाही एकमेकांचं ओ की ठो कळेना. मराठीत बोलायचो, दोघंही चुकीची. परीक्षेत ऐंशी प्रश्न होते म्हणे. एकही आठवत नाही. किल्ली अजून आहे.

चिमणपाखरू

करदोट्याला किल्ली 😭

दुडूदुडू

आमचं पोरगं पाण्याची बाटली शाळेत विसरून येतं आठवड्याला एक.

मुद्द्याचं_बोला

बरं एक सांगा, सेंटर सिडकोत आलं तर जवळ मिसळ कुठे बरी? पुतण्याचं आहे. दोन पेपरच्या मध्ये वेळ असतो.

सातपूर_भोंगा

पोराला पेपरच्या मध्ये मिसळ? बुद्धिमत्ता चाचणी आहे दादा, सहनशक्ती चाचणी नाही.

मुद्द्याचं_बोला

पोराला नाही. मला.

आठवीची_आई

मध्ये पोरांना साधा वरणभात द्या हो, डब्यात. आमच्या वेळी एका बाबांनी प्रेमाने साबुदाणा वडे आणले होते, वर्गातली चार पोरं पेपरभर पोट धरून. आणि सावलीत थांबा, माझ्या मिस्टरांना गेटवर चक्कर आली होती. परीक्षा तिची.

खडूफळा

@दुडूदुडू ते तीनशे मिळाले नाहीत. मीही विचारलं होतं. तो म्हणाला पुढल्या वर्षी त्याच बागेत जाणार, तेव्हा आधी ते मागणार.

निफाडचा_गारठा

सर, बाग कुठली ते कळलं तर सांगा. पिंपळगावकडे ओळखी आहेत. धाग्यावर नको, निरोप करा.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचतेय. रात्री पुस्तक वाचावं तसं वाचलं, उत्तर मात्र द्यायला जमलं नाही.

एक गंमत सांगायला आले. धाग्याची लिंक त्या मैत्रिणीला पाठवली होती, जिचं यादीत नाव आलं ती. आता पुण्याला असते. तिचा फोन आला, मला वाटलं रडेल वगैरे. फाडफाड बोलली. म्हणे, "तुझं झाकण? तुझ्याकडे डबा होता का गं? तू फडक्यात भाकरी आणायचीस. झाकण माझं होतं. मधल्या सुट्टीत मागून घेतलंस, चटणी माझी होती, परकराला पुसलीस तोही माझ्याच. आणि घरी बोलणी तू नाही, मी खाल्ली. यादीत नाव आलं त्या दिवशी गुरुजी पेढे घेऊन आले तर आई त्यांना म्हणाली, पेढे राहू द्या, झाकणाचं बघा."

मी म्हटलं मला तर स्पष्ट आठवतंय आई ओरडली ते. म्हणाली, ओरडली असेल, दुसऱ्या कशावरून तरी.

गेले दोन दिवस मी आठवतेय. फडकं आठवतंय. निळ्या चौकटीचं. डबा काही डोळ्यांपुढे येत नाही.

चांदवडकर

दशम्या वाढतात तशी झाकणंही.

गणिताचा_मामा

म्हणजे ती बाई झाकणाशिवाय यादीत आली आणि तुम्ही झाकण असून हुकलात.

गोदाकाठ

मामा, तुम्ही गप्प बसा.

तिला कुरिअरने एक स्टीलचा डबा पाठवतेय, मेनरोडवरून घेतला आज. झाकणासकट.

आठवीची_आई

तिचं नाव टाकून घ्या झाकणावर. भांडीवाले मशीनने टाकून देतात.

कुकरची_शिट्टी

पाहुणे गेले. किती पुढे गेलात गं सगळे! माझा किस्सा असा की आम्ही चौघी बहिणी आणि हॉलतिकीट एकीचंच आलं होतं, तर झालं काय

थांबा, गॅसवर दूध आहे.